कुत्र्याला काय कळतंय!

बीडच्या कुत्र्याचं नाव देशभर दोनदा गाजलं. पहिल्यांदा ऑगस्ट २०२० मध्ये. पोलिसांच्या श्वानपथकातला रॉकी आजारपणात गेला, त्याला इतमामाने निरोप मिळाला आणि ३० ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याची आठवण काढली. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात म्हणे त्याची मदत झाली होती. दुसऱ्यांदा डिसेंबर २०२१ मध्ये. माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर नेतात आणि ती खाली पडून मरतात, अशी बातमी सुटली ती थेट परदेशी वाहिन्यांवर जाऊन थांबली.

म्हणजे बीडच्या कुत्र्याला चर्चेत यायचं तर मरावं लागतं.

नुसतं आजारी पडून भागत नाही. आजारी कुत्र्याची बातमी होत नाही, त्याच्यावर फक्त सल्ले पडतात. शेरूने दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही एवढं कळू द्या, अख्खी गल्ली डॉक्टर होते. एक म्हणतो, ताबडतोब सुई मारून आणा. दुसरा म्हणतो, सुईबिई काही नको, होमिओपॅथी चालू करा, साइड इफेक्ट नाही. तिसरा हळद-गूळ सांगतो. चौथा म्हणतो, “आमच्या मोतीचंबी असंच झालं होतं बघा.” मग काय झालं? “मेलं.”

या सगळ्यात मत न देणारा एकच असतो. तो खाटेखाली पडलेला असतो.

आता ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य घ्या. होमिओपॅथीचं सगळं दुकान या एका वाक्यावर उभं आहे, आणि वाक्य खोटं नाही. इफेक्टच नसेल तर साइडचा येणार कुठून?

रागावू नका, हिशेब करू. पाटीवर मावणार नाही, म्हणून धरणात करू. औषधाचा एक भाग, पाण्याचे किंवा अल्कोहोलचे ९९ भाग, आणि दणके देऊन हलवायचं. ही झाली पहिली पोटन्सी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत, ही दुसरी. आता माजलगावचं धरण घ्या. वर्ष बरं असेल तर त्यात सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. काठोकाठ भरलेल्या त्या धरणात औषधाचा एक थेंब सोडला आणि अख्खं धरण ढवळलं, तर कितवी पोटन्सी होईल?

आठवी. तीही जेमतेम.

दुकानात मिळते ती ३०. नाहीतर २००. जुनाट दुखणं असेल तर ‘वन एम’. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू बाटलीत सापडण्याची आशा सोडायची असते. ॲव्होगॅड्रोचा आकडा हाताशी असला की अकरावीचं पोरगंही हे काढून दाखवतं. तिसाव्या पायरीवर एकावर साठ शून्यं. दोनशेव्या पायरीवर एकावर चारशे. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तरी ते एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास संपतात.

आणि होमिओपॅथीचं म्हणणं, जितकं पातळ तितकं जालीम. आमच्या गवळ्याला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

होमिओपॅथीचे जनक हानेमानसाहेब, त्यांच्यावर मात्र अन्याय नको. त्यांनी १७९६ मध्ये आपला सिद्धांत मांडला तेव्हा बाकीचे वैद्य रोग्याचं रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारा पाजत होते. अशा जमान्यात जो डॉक्टर काहीच करत नाही, त्याचे रोगी जास्त जगणार हे उघड होतं. काही न करणं हा तेव्हाचा मोठा शोध होता.

तेव्हाचा.

पुढे जग हलत गेलं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ढीगभर अभ्यास चाळले आणि सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथी लागू पडते याचा भरवशाचा पुरावा नाही. पशुवैद्यकांच्या परवान्यांवर नजर ठेवणाऱ्या ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने नोव्हेंबर २०१७ मध्ये जनावरांबद्दल तेच सांगितलं. मान्य पुरावा नाही, आणि ज्या उपचाराला पुरावा आहे त्याच्या जागी ही गोळी देऊ नका. झालं. तिकडचे गोळीवाले पशुवैद्यक चवताळून उठले. गोड गोळी देणारे लोक इतके तिखट बोलतात हे जगाला तेव्हा कळलं.

पण आपल्याकडचा हुकमी एक्का वेगळाच. तो असा: “माणसाला नुसतं वाटतं म्हणून बरं वाटतं, हे एक वेळ मान्य. पण कुत्र्याला काय कळतंय गोळी कसली ते? तरी बरं झालंच ना!”

समोरचा गप्प होतो. होऊ नये. बरं झालं हे सांगितलं कुणी? शेरूने?

मालकाने.

२०१२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात एक मजेशीर अभ्यास आला. सांधेदुखीने लंगडणारी ५८ कुत्री. औषध म्हणून मिळालं ते बिनऔषधाचं. मालकांना विचारत गेले, फरक पडतोय का? शेजारी यंत्र होतं, कुत्रं कोणत्या पायावर किती भार टाकतं ते मोजणारं. यंत्र म्हणे, फरक नाही. मालक म्हणे, चांगलाच आहे की! निम्म्याहून अधिक वेळा हेच. बरं, मालक तरी भोळे म्हणावेत. तपासणारे पशुवैद्यकसुद्धा दहातल्या चार वेळा असेच फसले.

तेव्हा गोळीचा गुण येतो, यात शंका नाही. तो मालकाला येतो.

आणि काही दुखणी तर कुणाच्याही नावावर बरी व्हायला तयारच असतात. तरण्या कुत्र्याच्या ओठांना, हिरड्यांना कोबीच्या गड्ड्यासारखे मस येतात. विषाणूचं काम. काही महिन्यांत आपोआप गळून पडतात. थुजा नावाची गोड गोळी चालू करा, गळतात. थुजा चालू करू नका, तरी गळतात. पण दुसऱ्या प्रकारात कुणाला सांगायला काही उरत नाही ना!

म्हणून पहिल्याच प्रकारचे किस्से गावभर फिरतात. एक कुत्रं बरं झालं की पुढच्या चौकात दोन होतात, बस स्टँडवर पोचेपर्यंत दहा. लवूळचंही असंच झालं होतं. वानरांनी अडीचशे कुत्री मारली, हा आकडा सातासमुद्रापार गेला. नागपूरहून आलेल्या पथकाने दोन वानरं पकडली. मग कुणीतरी शांतपणे विचारायला लागलं, तेव्हा आकडा बराच खाली उतरला. ती खाली उतरलेली बातमी मात्र सातासमुद्रापार गेली नाही.

तिला पोहता येत नसावं.

आता दुसरी बाजू. होमिओपॅथीकडे लोक जातात ते सगळे काही अडाणी नाहीत, आणि सगळे काही फुकटे नाहीत. तिथे त्यांना एक गोष्ट मिळते जी सुईवाल्याकडे मिळत नाही. ती म्हणजे खुर्ची. बसा म्हणतात. विचारतात. कुत्र्याला तहान किती? गोड आवडतं की खारट? ढग गडगडले की घाबरतं का? स्वभाव मानी की लाजाळू? एकटं राहायला आवडतं की माणसांत? अर्धा तास मालक बोलत राहतो. बोलता बोलता शेरूचं वर्णन हळूहळू मालकाचंच होत जातं.

जेवणावर वासना नाही, माणसं नकोशी वाटतात, रात्री झोप नाही. शेरूला? की तुम्हाला, आबा?

सुईवाल्याकडे दोन मिनिटं. तोंडाकडे बघायचं, कानाला हात लावायचा, मांडीत टोचायचं, पैसे घ्यायचे, मोटारसायकलला किक. काय झालंय ते मालकाला सांगायचं नाही, कारण मालकाला काय कळतंय? आणि कुत्र्याला तर त्याहून नाही.

लोकांना बरं होण्याआधी ऐकून घेतलं जायला हवं असतं, हे पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवत नसतील तर शिकवा. त्याला पोटन्सी लागत नाही.

बरं, सुईवाला म्हणजे कोण? हा प्रश्न बीड जिल्ह्यात फार नाजूक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्यानुसार जनावरांवर उपचार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच करायचे. पदविकावाल्या पर्यवेक्षकाने किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही देखरेखीखाली. कागद इतका स्वच्छ आहे की वाचताना डोळे भरून येतात.

गावात मात्र बॅग लावलेली मोटारसायकल येते ती ‘डॉक्टरसाहेबां’ची. साहेब कोण, काय शिकले, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारायची पद्धत नाही. म्हैस अडलेली असताना कुणी प्रमाणपत्र मागतं का?

आणि गोळ्या देणारा? माणसांच्या होमिओपॅथीची पदवी माणसांसाठी असते. कायद्याच्या दृष्टीने शेरू माणूस नाही, मालक कितीही ‘आमचं लेकरूच हाय’ म्हणाला तरी. तेव्हा गोळीवाल्याने शेरूच्या नाडीला हात लावणं हेही कायद्यात बसत नाही. पण गोळी कुणी ‘उपचार’ म्हणून देतच नाही. ती ‘देऊन बघा’ म्हणून देतात.

‘देऊन बघा’ला कोणता कायदा लावणार?

मुळात बीडमध्ये ‘होमिओपॅथी की ॲलोपॅथी’ असा वाद घालणं हीच चैन आहे. निवड करायला दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. जिल्ह्यात होमिओपॅथीचं कॉलेज कधीचंच आहे. जनावरांच्या डॉक्टरीचं शिकायचं तर परभणी, नाहीतर उदगीर. आता परळीला पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालंय. मंजूर झालंय म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना तुम्ही पाहिला असेल. आवारात लोखंडी खोडा असतो. बैल, गाय, म्हैस त्यात उभी करायची, आडवी दांडी सरकवायची, मग तपासायचं. सगळी रचना चार पायांवर चारशे किलोच्या हिशेबाने. तिथे तुमचं पामेरियन घेऊन जा. ते दांडीखालून आत शिरतं आणि दांडीखालूनच बाहेर येतं.

राज्याच्या पशुसंवर्धनाचंही कुत्र्याच्या बाबतीत हेच झालंय. ते मधून निघून जातं.

चूक नाही त्यांची. लाळ्या-खुरकूत, फऱ्या, घटसर्प, लम्पी यातून वेळ मिळाला तर कुत्रं. दुधाचा हिशेब होतो, बैलाचा होतो, शेळीच्या खुराचासुद्धा विमा निघतो. कुत्रं नुसतं भुंकतं. भुंकण्याला हमीभाव नाही.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेलं कुत्रं तर यादीतच नसतं. दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर संसार चढतो. कोयता, चूल, लेकरं, बैल, आणि शेवटी उडी मारून चढलेलं कुत्रं. कारखान्याच्या माळावर दिवसभर कोपीची राखण तेच करतं, कारण माणसं फडात. बैल आजारी पडला तर मुकादमाला घाम फुटतो, डॉक्टर शोधून आणतात. बैलावर उचल अडकलेली असते. कुत्र्यावर कुणी उचल देत नाही.

त्या कुत्र्याला विचारा, गोड गोळी की सुई? ते म्हणेल, आधी भाकर.

उलट, शहरातल्या बंगल्यातलं जर्मन शेफर्ड बघा. त्याच्यासाठी संभाजीनगरची वेळ घेतलेली, पुण्याच्या डॉक्टरचा व्हिडिओ कॉल झालेला, रक्त तपासलेलं, सोनोग्राफी झालेली. एवढं झाल्यावर मेहुणा सांगतो, एकदा होमिओपॅथी करून बघा. मग दोन्ही चालू. आणि दोन्ही चालू असलं की निकाल आधीच ठरलेला असतो.

बरं झालं तर गोळीने. मेलं तर सुईने.

हे वाक्य विनोदी वाटत असेल तर रक्ताचे जुलाब लागलेलं तीन महिन्यांचं पिल्लू आठवा. पार्वो. हा विषाणू कुत्र्यांत १९७८ च्या सुमारास ओळखला गेला. त्याला मारणारं औषध आजही नाही. मग डॉक्टर करतो काय? पाणी भरतो. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध, आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंसाठी अँटिबायोटिक. पिल्लाचं शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला कोरडं पडू द्यायचं नाही. वेळेत झालं तर बहुतेक पिल्लं वाचतात. नाही झालं तर बहुतेक जातात. मधलं काही नाही.

आणि हे सगळं दोन-तीन दिवसांत आटोपतं. नेमके तेवढेच दिवस ‘आधी गोळ्या देऊन बघू’ला लागतात.

चौथ्या दिवशी पिल्लू पोत्यात घालून सुईवाल्याकडे आणतात. तो सुई टोचतो. पिल्लू मरतं. गल्लीत निष्कर्ष निघतो, “चांगलं होतं हो, सुईने गेलं.”

गोळीने कुत्रं मरत नाही, हे शंभर टक्के खरं. ते वाट बघून मरतं.

गोचीड तापाचं तसंच. गोचिडीतून जंतू शिरतात, ताप चढतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचं जुनं, स्वस्त, कंटाळवाणं औषध. कुठल्याही मेडिकलवर मिळतं. पण स्वस्त आणि कंटाळवाण्या औषधाचा किस्सा होत नाही. काहीतरी लॅटिन नाव हवं, रिकाम्या पोटी हवं, कांदा-लसूण वर्ज्य हवा. कुत्र्याला कांदा-लसूण तसाही विषारीच. म्हणजे पथ्याचा भाग तरी शास्त्रीय निघाला!

आता सुईवाले खूश झाले असतील. होऊ नका.

डायक्लोफेनॅक आठवतंय? गाय-बैलाचं काहीही दुखलं की टोचलं जायचं. ते जनावर मेलं की गिधाडं यायची, खायची, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. आकाश रिकामं झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाच्या शेवटच्या आशेसाठी राखून ठेवायचं कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक कोंबड्यांना वजन वाढवायला खाऊ घातलं जात होतं. त्यावर बंदी यायला २०१९ उजाडलं. ताप असो, खरूज असो, लंगडणं असो, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडची एकच जोडगोळी मारणारे महाभाग तुमच्यातच आहेत.

ही जोडगोळी मात्र रिकामी नसते. तिला साइड इफेक्ट असतात.

आणि मालकांची स्वतःची ॲलोपॅथी तर विचारूच नका. आजोबांची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून शेरूला. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला आपल्या या गोळ्या झेपत नाहीत, रक्ताच्या उलट्या होतात. म्हणजे ज्या घरात पशुवैद्यकाची सुई ‘जास्त स्ट्राँग’ म्हणून नाकारली, त्याच घरात आजोबांचं औषध बिनधास्त चालतं. का?

घरचं असतं ना.

गंमत पुढेच आहे. इकडे कुत्र्याचा मालक ‘ॲलोपॅथी नको, होमिओपॅथीच बरी’ म्हणतो, आणि तिकडे होमिओपॅथीचे पदवीधर म्हणतात, आम्हाला ॲलोपॅथी लिहू द्या! महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदाच बदलला. एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केला की होमिओपॅथीच्या डॉक्टरला ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये इतकी रणधुमाळी झाली की ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी १८ सप्टेंबरला राज्यभर संप केला.

ज्यांच्या हातात गोळी आहे त्यांना सुई हवी आहे. गोळीवर अढळ श्रद्धा उरली ती शेरूच्या मालकाची.

लसीचा विषय निघाला की ही श्रद्धा आणखी उजळते. ‘होमिओपॅथीतपण लस असते.’ असते. तिला नोसोड म्हणतात. लाइपझिगच्या लुक्स नावाच्या पशुवैद्याने १८३३ च्या सुमारास कल्पना काढली. रोगी जनावराचाच रोगट पदार्थ घ्या, तिसाव्या पायरीपर्यंत पातळ करा, त्याच रोगावर द्या. ऐकायला लसीसारखंच. फरक इतकाच की लसीत काहीतरी असतं.

बुळकांडी आठवणारी म्हातारी माणसं अजून बांधावर सापडतील. गावंच्या गावं जनावरांविना करणारा रोग. तो २०११ मध्ये जगातून कायमचा संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. कशाने संपला? घरोघर, गोठोगोठी टोचलेल्या लसीने. लुक्ससाहेबांची बाटली तेव्हा पावणेदोनशे वर्षं कपाटातच होती.

त्याच १८३३ च्या सुमारास हेरिंग नावाच्या होमिओपॅथने पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून औषध केलं. लिसिन. ते आजही विकलं जातं. २०१८ मध्ये कॅनडात एका चार वर्षांच्या मुलाला ते दिल्याचं उघड झालं; मुलगा कुत्र्यासारखा गुरगुरायचा म्हणे. आरोग्य खातं हादरलं. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ पोराच्या तोंडात? मग लक्षात आलं की औषध २०० पोटन्सीचं होतं. त्यात लाळ नसतेच.

औषध पूर्ण सुरक्षित ठरलं. ज्या कारणाने सुरक्षित ठरलं, त्याच कारणाने ते औषध नव्हतं.

हसून झालं? मग जरा सरळ बसा. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस काय नि कुत्रा काय, जवळपास कुणीच वाचत नाही. लक्षणांआधी लस दिली तर जवळपास सगळे वाचतात. पाश्चरने १८८५ मध्ये एका पोराला वाचवून हे दाखवलं. कुत्र्याला ही लस तीन महिन्यांच्या वयाच्या सुमारास, मग पशुवैद्यक सांगेल तसा वर्षाला डोस. खर्च एका चांगल्या थाळीइतका.

“कशाला? आमचं घरातच असतं.” घरात असतं. रात्री अकराला गल्लीच्या कोपऱ्यावर कोण असतं मग, त्याचा जुळा भाऊ?

“लसीने अशक्तपणा येतो.” “लसीने नाक जातं, राखण करत नाही.” “आमच्या आजाच्या काळात कुठं होती लस?” आजाच्या काळात पिसाळलेलं कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचे आणि देवाला घेऊन जायचे. आजा जगला, म्हणून आपण त्याचं उदाहरण देतो. जे गेले त्यांचे नातू उदाहरणं द्यायला जन्मलेच नाहीत.

आणि एक दिवस शेरू चावतो. परक्याला नाही, खुद्द मालकाला. भाकरी टाकताना पोटरीला दात लागतात. थोडंसं रक्त.

आता बघा चमत्कार. हाच तो माणूस, ‘साइड इफेक्ट नाही’वाला. पोटन्सी, प्रकृती, स्वभाव, सगळं विसरतो. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतो, कारण कुणीतरी तेवढं बरोबर सांगितलेलं असतं. मग थेट जिल्हा रुग्णालय. रांगेत उभा. “साहेब, सुई आहे ना शिल्लक?” एक आज, एक तिसऱ्या दिवशी, एक सातव्या, एक अठ्ठाविसाव्या. तारखा मोबाइलमध्ये अलार्म लावून. रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरमही घ्या म्हणतात. घेतो, दात-ओठ खात घेतो.

केसपेपरवाला विचारतो, चावलेल्या कुत्र्याला लस दिलेली होती का?

मालक खिशातली चिल्लर चाचपतो.

बरं, कुत्रं दहा दिवस नजरेखाली बांधून ठेवा, असं सांगतात. दहा दिवस ते धड राहिलं तर चावलं तेव्हा लाळेत रेबीज नव्हता असं समजायचं. घरी येऊन मालक शेरूला दोरीने बांधतो. रोज सकाळी उठून आधी त्याचं तोंड बघतो. पाणी पितो का? आवाज बदलला का? गल्ली पुन्हा जमते, सल्ले पुन्हा सुरू होतात. कुणी म्हणतं सोडून द्या रानात, कुणी म्हणतं मारून टाका, कुणी म्हणतं महिनाभर वाट बघा.

पण या दहा दिवसांत शेरूला त्या गोळ्या चालू ठेवायच्या का, असं मात्र कुणीच विचारत नाही.